आकाशाची निळाई आणि हैदराबाद



दिलसुखनगर आणि मलकपेठ ह्यांच्या दरम्यान एक लहानशी टेकडी आहे. पायगाह घराण्यातील उमराव सर आस्मान जाह यांनी १८८५ साली तिच्यावर एक वाडा बांधला आणि त्यास नाव दिले आस्मानगढ. आस्मान म्हणजे आकाश, हे सांगावयास नकोच. मराठीतही आपण आकाशी रंगाला अस्मानी म्हणतो, आणि अवर्षणाच्या संकटाला अस्मानी व राजाच्या जुलमाला सुलतानी म्हणून दोन्ही दुःखे एका दमात उच्चारतो. हल्ली त्या वाड्यात शाळा भरते. जवळच निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड ह्या फ्रेंच सेनानीची समाधी आहे. तो १७९८ साली वारला. टेकडीवर उभे राहिले म्हणजे अजूनही चहूबाजूंचे आकाश डोळ्यांत मावते. खाली हमरस्त्यावर मात्र ते दुर्मिळ झाले आहे. २०१८ साली मेट्रोचा उन्नत मार्ग सुरू झाल्यापासून दिलसुखनगरच्या चौकातील माणसास आकाश दिसते ते दोन पट्ट्यांत, एक उजवीकडे व एक डावीकडे, आणि त्या पट्ट्यांचा रंगही धुळीने व धुराने पुष्कळदा धुतलेल्या जुन्या धोतरासारखा असतो.

मी व्यवसायाने शिक्षक आहे. आकाश निळे का दिसते, ह्या प्रश्नाला मी कित्येक वर्षे वर्गात एक तयार उत्तर देत आलो होतो. समुद्राच्या निळ्या पाण्याची छाया आकाशात पडते म्हणून आकाश निळे. हे उत्तर मला माझ्या लहानपणी मिळाले होते, आणि मी ते तितक्याच विश्वासाने पुढे चालविले. एके दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, पण हैदराबादेत समुद्र कुठे आहे?” वर्ग हसला. मी त्याला खाली बसविले व पुढचा धडा घेतला. शिक्षकाच्या हाती असलेला हा एक फार जुना उपाय आहे.

परंतु प्रश्न काही खाली बसेना. हैदराबादेपासून समुद्र अडीचशे-तीनशे किलोमीटर दूर. त्याहूनही मला लाजविणारी गोष्ट अशी की, माझे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेलेले. आमचा वसईचा समुद्र निळा नाही. तो खाडीच्या गाळाने मातकट असतो. त्या मातकट पाण्यावर डिसेंबरात नाताळच्या सुमारास जे आकाश असे, तितके स्वच्छ निळे आकाश मी त्यानंतर क्वचितच पाहिले. म्हणजे माझे उत्तर खोटे आहे ह्याचा पुरावा मी दहा वर्षांचा असल्यापासून डोळ्यांपुढे पाहत होतो, आणि तरीही तेच उत्तर फळ्यावर लिहीत होतो. हे प्रायश्चित्त म्हणून म्हणा, मी त्या निळाईचा इतिहास शोधू लागलो. शोधता शोधता ज्या वाटेने गेलो ती मला परत हैदराबादेतच घेऊन आली, हे मात्र अनपेक्षित होते.

आकाश हा घुमट आहे व त्याला स्वतःचा रंग आहे, अशी समजूत पुष्कळ प्राचीन समाजांत आढळते. आमच्या पवित्र शास्त्रात निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात देवाच्या चरणांखाली नीलमण्यांची फरसबंदी असल्याचे वर्णन आहे. तेथेही आकाशाच्या स्वच्छतेची उपमा येते. ह्या समजुतीस पहिला मोठा धक्का दिला तो नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने. आकाशाच्या दिशेस जो निळा रंग दिसतो व जो आकाशाचा मानला जातो त्याचे कारण काय, ह्या विषयावर त्याने एक छोटा निबंधच लिहिला. त्याचे म्हणणे असे: वरचे अंतराळ मुळात काळे आहे; पृथ्वीजवळच्या हवेत मातीचे सूक्ष्म कण व बाष्प आहेत; ते सूर्याच्या तेजाने उजळतात; आणि त्या उजेडाच्या पडद्यातून मागचा अंधार पाहू लागले की अंधार व प्रकाश ह्यांच्या मधला रंग, म्हणजे निळा, दिसतो. आजच्या शास्त्रास ह्यातील तपशील मान्य नाही. परंतु रंग आकाशाचा नसून मधल्या हवेचा व पाहणाऱ्याचा आहे, ही मुख्य गोष्ट त्याने ओळखली होती. चंद्रावर गेलेल्या माणसांनी १९६९ साली भर दिवसा काळे आकाश पाहिले, तेव्हा अल्-किंदीचा तो काळा पडदा जगाला छायाचित्रांत दिसला.

आपल्या भाषेला ह्या विचाराचे फारसे नवल वाटू नये. संस्कृतातील नील हा शब्द निळ्यापासून थेट काळ्यापर्यंत पसरलेला आहे. विठोबा सावळा, कृष्ण घननीळ, आणि मार लागलेले अंग काळेनिळे. निळा व काळा ह्यांच्यामध्ये आपल्या पूर्वजांनी कुंपण घातले नव्हते.

अल्-किंदीनंतर सुमारे दीडशे वर्षांनी इब्न अल्-हैथम झाला. जन्म बसऱ्याचा, सुमारे ९६५चा. आयुष्याचा उत्तरार्ध कैरोत गेला. दृष्टी म्हणजे डोळ्यातून निघालेला किरण वस्तूला जाऊन स्पर्श करतो, असे तोपर्यंतचे बरेच पंडित मानीत. इब्न अल्-हैथमने ते उलटे केले. प्रखर तेजाकडे पाहिले की डोळा दुखतो, आणि नंतर मिटल्या डोळ्यांनाही त्याची खूण दिसत राहते. तेव्हा प्रकाश बाहेरून आत येतो आणि डोळ्यावर काही करतो, हे उघड आहे. त्याच्या ‘किताब अल्-मनाझिर’ ह्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर युरोपच्या मठांत व विद्यापीठांत शेकडो वर्षे अभ्यासले गेले.

येथे एक विलक्षण योगायोग सांगितला पाहिजे. चौदाव्या शतकाच्या अगदी आरंभी, इराणात तब्रीझकडे कमालुद्दीन अल्-फारिसी नावाचा पंडित इब्न अल्-हैथमच्या ग्रंथावर टीका लिहीत होता. तिचे नाव ‘तनकीह अल्-मनाझिर’. इंद्रधनुष्य कसे होते हे समजावे म्हणून त्याने काचेचा एक मोठा गोल पाण्याने भरला; तो म्हणजे जणू पावसाचा एक थेंब. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून त्यावर ऊन घेतले आणि किरण कोठून शिरतो, कोठे वळतो, कोठून परततो हे तपासले. थेंबात शिरताना एकदा वाकणे, आत एकदा परावर्तन आणि बाहेर पडताना पुन्हा वाकणे, हे त्याला उमगले. नेमक्या त्याच वर्षांत जर्मनीतील फ्रायबर्गचा थिओडोरिक नावाचा डॉमिनिकन धर्मगुरू तोच गोल, तेच पाणी व तेच ऊन घेऊन त्याच निष्कर्षाला येत होता. त्याच्या संघाच्या श्रेष्ठींनी त्याला हे सर्व लिहून काढण्यास सांगितले, म्हणून त्याचा ग्रंथ झाला. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. एक नमाजी, एक जपमाळ ओढणारा. दोघांचा गुरू मात्र एकच, अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी कैरोत वारलेला इब्न अल्-हैथम. कॅथलिक शिक्षक म्हणून मला थिओडोरिकचा अभिमान वाटतो हे मी लपवीत नाही. परंतु त्याचा अभिमान बाळगून अल्-फारिसीला विसरावयाचे, तर अर्धेच इंद्रधनुष्य पाहिल्यासारखे होईल.

दोन्ही ग्रंथ पुढे शतकानुशतके हस्तलिखितांत पडून राहिले. थिओडोरिकचा काही भाग १८१४ साली इटलीत उजेडात आला आणि पूर्ण ग्रंथ १९१४ साली जर्मनीत छापला गेला. अल्-फारिसीचा ग्रंथ प्रथम छापला गेला तो कोठे? कैरोत नव्हे, तेहरानमध्ये नव्हे, तर आपल्या हैदराबादेत. येथील दायरतुल मआरिफ ह्या संस्थेने हिजरी १३४७–४८ मध्ये, म्हणजे इसवी सन १९२८ ते १९३० ह्या काळात, त्याचे दोन खंड अरबी खिळ्यांत प्रसिद्ध केले. ही संस्था १८८८ साली निघाली. आस्मानगढ बांधणारे आस्मान जाह तेव्हा राज्याचे दिवाण होते. जगभरच्या ग्रंथालयांतून अरबी हस्तलिखितांच्या नकला मिळवाव्यात, त्या ताडून पाहाव्यात आणि छापाव्यात, हे तिचे काम. १९३८ साली तिने इब्न अल्-हैथमचे छोटे प्रबंध एकत्र छापले. त्यांत प्रकाशावरचा एक प्रबंध आहे. संस्थान विलीन झाल्यावरही काम थांबले नाही. अल्-बिरूनीचा ‘कानून अल्-मसूदी’ १९५४ ते १९५६ ह्या वर्षांत तीन खंडांत येथेच निघाला. सूर्य क्षितिजाखाली सुमारे १८ अंश गेला म्हणजे संधिप्रकाश संपतो, असे त्या अकराव्या शतकातील पंडिताने लिहून ठेवले आहे. आजची पंचांगेही तोच आकडा धरतात.

इब्न अल्-हैथमच्या मूळ ‘किताब अल्-मनाझिर’च्या पहिल्या तीन भागांची चिकित्सक अरबी आवृत्ती कुवेतमध्ये निघाली ती १९८३ साली. म्हणजे मधली पन्नासएक वर्षे, ज्याला त्याचे विचार अरबीतून छापील स्वरूपात वाचावयाचे असत, त्याला हैदराबादच्या त्या दोन खंडांचा मोठा आधार. आपण हैदराबादेत राहणारी मराठी माणसे चारमिनार पाहुण्यांना दाखवितो, सालारजंगचे घड्याळ दाखवितो. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातील ह्या छापखान्याकडे कोणा पाहुण्याला नेल्याचे मी ऐकले नाही. मी स्वतःही नेले नव्हते.

आता युरोपातील शोधांकडे धावतीच नजर टाकू, कारण त्या पाठ्यपुस्तकांत सापडतात. जिनिव्हाच्या सोस्यूरने निळाई मोजावयासाठी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत निळ्या छटांची एक चकती केली. माँ ब्लाँच्या शिखरावरील आकाश तिच्यावर ३९व्या अंशाचे भरले. उंच जावे तसे आकाश गडद होते, ही गोष्ट त्यामुळे आकड्यांत आली. १८६९च्या सुमारास लंडनमध्ये जॉन टिंडल याने काचेच्या नळीत अतिसूक्ष्म बाष्पकणांचा ढग करून त्यातून पांढरा प्रकाश सोडला, तेव्हा बाजूने पाहणाऱ्यास तो ढग आकाशासारखा निळा दिसला. आणि १८७१ साली जॉन स्ट्रट, जो पुढे लॉर्ड रॅले झाला, त्याने ह्याचे गणित मांडले.

ते गणित अवघड नाही. प्रकाशाच्या लहरींपेक्षा फार लहान अशा कणांवर प्रकाश पडला की तो चहूकडे विखुरतो. आणि लहर जितकी आखूड तितके विखुरणे अधिक, तेही लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. निळ्या प्रकाशाची लहर सुमारे ४५० नॅनोमीटर, तांबड्याची ६५० धरली, तर निळा तांबड्याच्या चार पटींहून अधिक विखुरतो. सरूरनगरच्या तलावात एखादा बारीक खुंट रोवलेला असावा; मोठी लाट त्याला न जुमानता पुढे जाते, बारीक तरंग मात्र त्याच्यावर फुटून पसरतात. तसेच काहीसे हे आहे. आपण सूर्याकडे न पाहता आकाशाच्या दुसऱ्या भागाकडे पाहतो तेव्हा डोळ्यात येतो तो असा वाट चुकलेला, विखुरलेला प्रकाश, आणि त्यात निळ्याचा भरणा जास्त असतो. संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकला की त्याच्या किरणांस डोक्यावर असतानाच्या तुलनेने सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. वाटेत निळा गळून जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो पिवळा, नारिंगी व तांबडा शेष. तांबडे फुटले, असे आपले शेतकरी पहाटेला म्हणतात, तेही हेच.

पण हे विखुरणारे कण कोणते? टिंडलला वाटे, धूळ किंवा बाष्प. रॅलेलाही आरंभी निश्चित सांगता आले नाही. १८७३ साली मॅक्सवेलने त्याला पत्र लिहून सुचविले की, हवेचे रेणूच हे काम करीत असतील तर काय होईल ते पाहावे. रॅलेने उत्तर दिले, पण सव्वीस वर्षांनी, १८९९ साली. आणि त्या उत्तरात हिमालय आला. दार्जिलिंगजवळून एव्हरेस्टचे शिखर शंभर मैलांवरून बऱ्यापैकी उजळ दिसते, ह्या माहितीशी त्याने आपले गणित ताडून पाहिले आणि दाखविले की, धुळीची मदत न घेता निव्वळ हवेच्या रेणूंनीही आकाश निळे होईल. उलट धूळ वाढली की आकाश निळे न होता पांढरट होते, कारण मोठे कण सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. दिलसुखनगरच्या त्या धुतलेल्या धोतराचे कारण हे. वळवाच्या पावसाने हवा धुऊन काढली की तेच आकाश तासाभरात पुन्हा अस्मानी होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आणि कणांचा आकार नेमका लहरीएवढा असेल तर? तेही एकदा घडले. २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावाजवळ क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लंकेत व मद्रास इलाख्यात लोकांनी सूर्य हिरवा व निळसर उगवलेला पाहिला. मद्रासला प्राध्यापक मिची स्मिथ यांनी तो वर्णपटदर्शकातून तपासला. तांबडे टोक दुबळे झालेले आढळले. एकाच मापाच्या त्या कणांनी नेहमीचा न्याय उलटा केला होता. पुढे त्याच धुळीने अमेरिकेत नोव्हेंबरात अशी रक्तवर्ण संध्या पेटविली की, काही गावांत आग लागली समजून बंब धावले.

माझ्या मूळ चुकीकडे परत येतो, कारण ती चूक माझ्या एकट्याची नव्हती. समुद्रामुळे आकाश निळे असे मी म्हणत होतो. खुद्द लॉर्ड रॅले ह्याच्या उलट म्हणत होता की, खोल समुद्राची जी निळाई वाखाणली जाते ती पाण्याची नव्हे, ती परावर्तनाने दिसणारी आकाशाची निळाई. एवढ्या मोठ्या माणसाचे वाक्य कोण तपासणार? १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून ‘नारकुंडा’ बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना रॅलेचे म्हणणे पटेना. त्यांच्याजवळ निकोलचा एक लोलक होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून एका विशिष्ट कोनात परावर्तित झालेला प्रकाश अशा लोलकाने पूर्णपणे अडविता येतो. बोटीच्या कठड्याशी उभे राहून रामननी तो प्रकाश अडविला. आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे झाले. निळाई नाहीशी झाली नाही, उलट अधिक खुलली. पाण्याचे रेणूही हवेच्या रेणूंप्रमाणे प्रकाश विखुरतात, हे त्यांनी टिपले आणि बोट मुंबई बंदरात लागताच २६ सप्टेंबर ही तारीख घालून ‘नेचर’ नियतकालिकाकडे पत्र लिहिले. त्याच विचाराच्या मागे लागून सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, रामन परिणामाचा शोध लागला व १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मला ह्या गोष्टीत पारितोषिकापेक्षा त्या लोलकाचे महत्त्व अधिक वाटते. हातात मावणारी वस्तू, आणि थोराचे वाक्य तपासण्याची हिंमत. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाजवळ लोलक नव्हता, एवढाच फरक.

रामनांचे सहकारी कल्पती रामकृष्ण रामनाथन यांनी समुद्राच्या रंगावर काम केले व पुढे ते हवामान खात्यात गेले. पुण्यात त्यांनी ओझोन वायूच्या मोजणीचे काम चालविले. १९४९ सालच्या त्यांच्या एका निबंधावर आर. व्ही. करंदीकर यांचे नाव त्यांच्या जोडीला आहे. धूळ व धुरकट हवा असताना ओझोन कसा मोजावा, हा त्याचा विषय. ओझोनचा आणि आकाशाच्या रंगाचा संबंध काय, असे कोणी विचारील. १९५३ साली अमेरिकेतील हलबर्ट याने असे दाखविले की, सूर्य क्षितिजावर असताना डोक्यावरचे आकाश निळे राहते ते मुख्यतः ओझोनमुळे. रॅलेचा हिशेब एकटा धरला तर त्या वेळी माथ्यावरचे आकाश पिवळसर व करडे दिसावयास हवे. ओझोन पिवळा व नारिंगी प्रकाश शोषून घेतो आणि निळा राखतो. त्या घटकेच्या निळाईत त्याचा वाटा सुमारे दोन तृतीयांश. तेव्हा दुपारची निळाई निराळी आणि कातरवेळेची निराळी. दोन्हींचे नाव एक म्हणून आपण त्या एक समजतो.

आमच्या उस्मानिया विद्यापीठातही हा विषय पोचला. प्राध्यापक कृष्ण दामोदर अभ्यंकर हे १९६०च्या दशकापासून येथे ज्योतिर्विज्ञान शिकवीत. १९७०च्या सुमारास फायमाट ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी रॅलेच्या विखुरण्याचे गणित ग्रहांच्या वातावरणास कसे लावावे, ह्यावर निबंध लिहिले. ज्या नगरीत अल्-फारिसी छापला गेला, तेथील एक मराठी प्राध्यापक चाळीस वर्षांनी विखुरलेल्या प्रकाशाची समीकरणे सोडवीत होता.

एवढे झाल्यावरही एक अडचण उरते, आणि ती चलाख विद्यार्थी हमखास काढतो. आखूड लहरी जास्त विखुरतात, तर जांभळ्याची लहर निळ्याहून आखूड आहे. मग आकाश जांभळे का नाही? ह्याचे उत्तर हवेत पूर्णपणे मिळत नाही. ते डोळ्यात शोधावे लागते. सूर्यप्रकाशात जांभळा मुळातच कमी, हे खरे. परंतु मुख्य गोष्ट अशी की, आपल्या दृष्टिपटलात रंग जाणणाऱ्या शंकुपेशी तीनच जातींच्या आहेत. आकाशातून येणाऱ्या प्रकाशात सर्वच रंग कमीअधिक असतात. त्या मिश्रणाने तिन्ही जातींच्या पेशी ज्या प्रमाणात चाळवतात, जवळजवळ त्याच प्रमाणात त्या शुद्ध निळा व थोडा पांढरा मिसळलेल्या प्रकाशानेही चाळवतात. मेंदूला दोहोंतील भेद कळण्याचा मार्गच नाही, म्हणून तो फिका निळा असा एकच निवाडा देतो. मधमाशीचा डोळा निराळा आहे. तिला अतिनील किरण दिसतात, आणि आकाशातील प्रकाशाच्या कंपनाची दिशाही कळते. कार्ल फॉन फ्रिश याने १९४९ साली दाखविले की, ती ह्याच खुणेवरून सूर्य दिसत नसतानाही पोळ्याची वाट शोधते. आपल्या डोक्यावरचे आकाश एकच. पण तिचे निराळे आणि आपले निराळे.

यंत्राचा डोळाही असाच निराळा असतो. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली फिसलबंड्यात स्थापिलेली निजामिया वेधशाळा पुढे बेगमपेठेत आली आणि साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यात तिला दक्षिण क्रांतीच्या १७ ते २३ अंशांचा पट्टा मिळाला. त्या काळच्या काचपट्ट्यांवरील लेप निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच विशेष जागा असे. डोळ्यास ठळक दिसणारा तांबडा तारा पट्टीवर फिका उतरे, आणि निळसर तारा भाव खाऊन जाई. वर्षानुवर्षे तारे मोजणाऱ्यांना हा भेद लक्षात ठेवूनच हिशेब करावा लागे.

आणि आपला डोळा तरी दिवसभर एक कोठे राहतो? पुर्किन्ये हा बोहेमियातला शास्त्रज्ञ तरुणपणी काही काळ एका कॅथलिक शिक्षकसंघात उमेदवार होता, नंतर तो बाहेर पडला. १८२५ साली त्याने नोंदविले की, उजेड मंद होऊ लागला म्हणजे तांबडी फुले आधी काळवंडतात व निळ्या-हिरव्या वस्तू त्यांच्या मानाने उजळ राहतात. मंद उजेडात शंकुपेशी थकतात व दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना तांबडा जवळजवळ दिसतच नाही. कुंडीतली जास्वंद घेऊन कोणीही हे पाहावे. पूर्ण रात्री तर रंगच जातो. पौर्णिमेच्या चांदण्यातले आकाशही खरे पाहता निळेच असते. दीर्घ काळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्यात ते दिवसासारखे निळे उतरते. आपण मात्र त्याला काळे म्हणून झोपी जातो.

गेल्या डिसेंबरात, शाळा सुटल्यावर, आम्ही काही मुलांसह आस्मानगढच्या टेकडीवर चढलो. तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी होताच. सर्वजण पश्चिमेकडे तोंड करून मावळतीचे रंग पाहू लागले. मी त्यांना उलट दिशेस वळविले. सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात पूर्व क्षितिजावर एक करड्या निळ्या रंगाचा पट्टा उठला, आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी झालर. तो खालचा निळसर पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. मुलांनी ती जन्मात प्रथमच पाहिली. खरे सांगावयाचे तर मीही काही वर्षांपूर्वीपर्यंत तिला दूरचा धूर समजत असे. तो मुलगा म्हणाला, “सर, म्हणजे आपण जिच्यावर उभे आहोत तिचीच सावली?” मी होय म्हटले. त्याने वही काढली आणि घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली. पाच-दहा मिनिटांत गुलाबी झालर विरली, सावली वर चढत चढत रात्रीत मिसळली, खाली मेट्रोचे दिवे लागले, आणि आम्ही टेकडी उतरलो.